विरघळणं आणि वितळणं
जूनमधला रविवार, हजर आम्ही तिघं, मी, नवरा आणि शिकवणीसाठी लातूरला ठेवायची आमची मुलगी. वसतिगृहाच्या, नव्या रंगाचा वास कोंडलेल्या खोलीत तीन खाटा होत्या आणि खिडकीला जाळी ठोकलेली होती. मी चादर, बादली, औषधं भराभर लावत होते, तेव्हा ती जागची न हलता म्हणाली, “आई, मला इथं न्हाई राहायचं.” मी म्हटलं, “चार दिवसांत पोरींत इरघळशील, पाण्यात मीठ इरघळतं तशी.” “मग माझं काय उरंल? घट्ट मिठात आयन जागेवर अडकलेले असतात, म्हणून वीज जात न्हाई. पाण्यात विरघळवलं की वीज जाते, पण सोडियम हाती येत न्हाई, पाण्यातला हायड्रोजनच सुटतो. सोडियम पाहिजे तर नुसतं मीठच वितळवावं लागतं.” नवरा हसून म्हणाला, “मग तुला कसं वितळवायचं?” “आठशे अंशाला, बाबा. तापेलच ही खोली तेवढी, पंखा कुठंय?” आम्ही दोघं हसलो, ती हसली नाही. कंधारची बस गाठायची म्हणून आम्ही निघालो. आता ती नांदेडला नोकरी करते, फोनवर सगळं सांगते; त्या दिवशी तिला तिथं का राहायचं नव्हतं, एवढं विचारायचं अजून राहिलंय.