पोर परत देण्याची तालीम

आमच्या ह्यांना गिऱ्हाइकं टेलरकाका म्हणतात. मी काय म्हणते ते विचारू नका. माणूस सोन्यासारखा, पण उत्साह नको तेवढा. कुणी पँट आखूड करायला दिली तर तिचा खिसाही फुकट शिवून देणार आणि वर म्हणणार, "आज ना उद्या फाटलाच असता की!"

आम्हाला मूलबाळ नाही. पन्नाशी गाठली आणि ह्यांनी मनावर घेतलं, आपण प्रतिपालक व्हायचं. म्हणजे ज्या मुलाला आईबाप काही काळ सांभाळू शकत नाहीत, ते मूल तेवढ्यापुरतं आपल्या घरी ठेवायचं. 'तेवढ्यापुरतं' हा शब्द ह्यांनी या कानाने ऐकला आणि त्या कानाने सोडून दिला.

त्यासाठी आधी दोघांना शिकवणी घ्यावी लागते. शिकवायला एक पांढऱ्या केसांच्या, खणखणीत आवाजाच्या बाई होत्या. मी मनातल्या मनात त्यांना हेडबाई म्हणायचे. त्यांची तऱ्हाच निराळी. भाषण नाही, फळा नाही. स्वतःच मूल व्हायच्या. पहिल्याच दिवशी टेबलाखाली शिरल्या आणि म्हणाल्या, "मी जेवणार नाही जा!" हे खाली वाकून "शहाणं बाळ ना माझं" करत बिस्कीट दाखवतायत आणि मी तोंडावर हात दाबून हसतेय. टेबलाखालून आवाज आला, "हसू नका. पुढची पाळी तुमची आहे."

होता होता सगळं जमलं. पोरगीही ठरली. पाच वर्षांची. आई मोठ्या दुखण्याने इस्पितळात, जवळचं दुसरं कुणी नाही. हेडबाईंनी घर बघितलं की झालं. त्या आल्या आणि ह्यांनी मोठ्या थाटात कपाट उघडलं. आत फ्रॉकच फ्रॉक! पाच वर्षांच्या पोरीला, सहाच्या, आठच्या, पार बारा वर्षांच्या मुलीला होतील तिथपर्यंत ओळीने टांगलेले. दुकानातून यायला रोज उशीर का होतो, ते मला तेव्हा कळलं. कपाळावर हातच मारून घेतला मी.

"शिवलेत छान," हेडबाई म्हणाल्या. "पण आई बरी होऊन दारात उभी राहिली तर?"

"आधी पुरती बरी झालीय का ते बघू की," हे म्हणाले. "आम्ही काय लेकराचे हाल करणार आहोत?"

"मग मला पोरगी नाही देता येणार." त्यांनी पर्स उचलली आणि निघाल्या.

झालं! ह्यांचं जेवणातलं लक्षच उडालं. "मी काय खाऊन टाकणार होतो तिला?" एवढंच घोकत बसायचे. शेवटी माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, पोरीची आई तिकडे सुया टोचून घेतेय ती कुणासाठी? तुमचे फ्रॉक बघायला?" दुसऱ्या दिवशी मोठे फ्रॉक गाठोड्यात बांधून हे बालगृहात देऊन आले आणि येताना हेडबाईंनाच घेऊन आले. म्हणाले, "घ्या परीक्षा."

हेडबाई दाराबाहेर जाऊन पोरीची आई झाल्या. पोर मी! गुडघे दुखणारी, पन्नाशीची, पाच वर्षांची पोर. मला तर हसूच आवरेना.

बेल वाजली. ह्यांनी दार उघडलं.

"माझ्या मुलीला न्यायला आलेय."

ह्यांनी खुर्ची पुढे केली. "या, बसा ना. हिला झोपताना दिवा लागतो हं. गार दूध पीत नाही. आणि तुमची फार आठवण काढायची, रोज विचारायची." मग माझ्याकडे वळले. "जा बाळा, आई आलीय."

आणि मी जाईना. देवाशपथ सांगते, नाटक नव्हतं ते. जी अजून घरात आलीही नव्हती, ती चालली असंच वाटलं मला. ह्यांचा शर्ट मी घट्ट धरून ठेवला. इतके दिवस ह्यांना हसत होते, आणि सोडवत नव्हतं ते मलाच.

ह्यांनी माझं एकेक बोट हळूच सोडवलं. माझा हात हेडबाईंच्या हातात दिला. "जा," म्हणाले, "आई थांबलीय ना." ह्यांचे डोळे वाहत होते, पण माझा हात काही परत ओढून घेतला नाही. मी मात्र भोकाडच पसरलं.

हेडबाईंनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग ह्यांना म्हणाल्या, "सोमवारी आणते तिला. तोवर बायकोला सांभाळा."