चटणीनं पकडलेली चूक

कळंब्याजवळच्या शेतात मी भुईमुगाच्या जातींचा संकर करायचो. बऱ्याच वर्षांनी एका वाणाला टपोरे दाणे आले. शेंगा तोडणाऱ्या मावशींनी त्यातले मूठभर घरी नेऊन कुटले आणि दुसऱ्या दिवशी जेवताना ती चटणी माझ्यापुढं ठेवली. मी भडकलोच.

"अहो, बियाणं होतं ते!"

"वरडू नका. आधी खाऊन बघा. दाणा मोठा हाय, पर कुटून हात दुखलं तरी तेल सुटंना की!"

चटणी खरंच कोरडी होती. तपासणीतही तेल कमीच निघालं. मावशी नसत्या तर तेच बियाणं मी शेतकऱ्यांच्या गळ्यात मारलं असतं.

आता नव्या वाणाची पहिली मूठ, तेल तपासायच्या मशीनच्याही आधी, मीच त्यांच्या पदरात टाकतो.