झोक्यावरची मथी

अन्याय झाला तो सोनगीरच्या मथीवर. सन एकोणीसशे चाळीस, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस, दुपार टळताना. ती झोक्यावर होती आणि तिच्या बापानं ओट्यावर पाचोऱ्याच्या बिजवराचा नारळ घेतला. ती चौदाची, तो चाळिशी ओलांडलेला. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणी ‘नशीब’ हा शब्द काढणार नाही.

मथीएवढा उंच झोका गावात कुणी घेत नसे. निंबाची फांदी करकरायची, बाया डोळे मिटायच्या, आणि ही वरून म्हणायची, “आखो जोरमा द्या वं.” मी सोळाचा, धुळ्याच्या शाळेतून सभा-भाषणं शिकून आलेला. एकदा तिनं वरूनच पाला ओरबाडून माझ्या अंगावर टाकला. “ले, खा. बोलस तर कडूच.” त्यानंतर कितीतरी दिवस मला भाषण सुचलं नाही.

उतरायला ती नाराज असे. “खाले उतरनं का मोठं व्हनं पडस,” म्हणायची. त्या दुपारी उतरली तेव्हा धापा टाकत होती. आईनं तिच्या डोक्यावर पदर ओढला. मी तिच्या बापाला विचारलं, “आबा, तिला विचारलं का?”

“पोर मनी शे,” आबा म्हणाले. “तुनी सभा चावडीवर भरव.”

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तिचा भाऊ मुराळी होऊन तिला माहेरी आणायला गेला. इकडे झोका बांधून तयार. तो एकटाच परतला. तिला बरं नाही, असं सासरच्यांनी दारातूनच सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षीही तेच. “घरमातून आवाजबी उना नही,” एवढं बोलून तो ताटावरून उठला. तिसऱ्या वर्षी मुराळी निघायच्या आधीच मथी गेल्याचा निरोप आला. विहिरीवर पाय घसरला म्हणे. धावत्या झोक्यावर उभी राहणारी पोर, आणि तिचा पाय घसरला.

आता तोच बिजवर पुन्हा नारळ घेऊन आला आहे, मथीच्या धाकट्या बहिणीसाठी. सखू तेरा वर्षांची. आबांनी नारळ घेतला. म्हणाले, सोयरीक तुटायला नको. या आखाजीला सखू झोक्याकडे फिरकलीसुद्धा नाही.

हळद सोमवारी आहे. मी एकटा आडवा आलो तर मला उचलून नेतील. तुम्ही मथीच्या लग्नात पंगतीला बसला होता. रविवारी या, आबांच्या ओट्यावर बसा, आणि सखूचा नारळ परत जाईपर्यंत उठू नका.