वरून हुकूम आला नव्हता

माझ्या मसालेभाताचं पातेलं गॅरेजमध्ये होतं. वॉशिंग मशीनवर. घरून निघताना लावलेली फॉइल तशीच घट्ट.

"टेबलावर जागाच झाली नाही बघ," काकू म्हणाल्या.

जागा होती. मी पाहिली होती.

अमेरिकेतलं पिस्कॅटवे, २००५. महिन्यातून एकदा काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये मराठी अभ्यास मंडळ भरायचं. काका म्हणजे माझ्या नवऱ्याचे मॅनेजर. जेवण पॉटलक, प्रत्येकीने एक पदार्थ करून आणायचा. कोणी काय आणायचं, त्याची यादी काकू करायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी माझं आडनाव विचारलं. मग गाव. मग नागपुरातला भाग. जात विचारली नाही. तिसऱ्या उत्तरानंतर विचारावी लागत नाही. तेव्हापासून यादीत माझ्या नावापुढे एकच नोंद: पेपर प्लेट्स आणि कोक. "तुला कशाला उगाच त्रास?" मसालेभात मी न सांगता नेला होता.

शेजारच्या गोऱ्याने फोडणीच्या वासाची तक्रार केली, तेव्हा याच काकांनी अर्धा तास भाषण दिलं होतं. "रेसिस्ट आहेत लेकाचे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

पुढच्या बैठकीचा विषय होता, दोन महायुद्धांमधल्या युरोपातल्या हुकूमशाह्या. नागपुरात मी सहा वर्षं एका दैनिकात उपसंपादक होते. इथे नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरी करायला बंदी. काका म्हणाले, "तू टिपणं काढून दे. वाचतो मी. वाचायला उच्चार शुद्ध लागतात गं."

तीन आठवडे युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बसले. इटलीत काळे शर्टवाले फॅसिस्ट राजधानीवर चालून आले. राजाने लष्कराला त्यांना अडवायचा हुकूम दिला नाही. त्यांच्या म्होरक्यालाच बोलावून पंतप्रधान केलं. जर्मनीचं प्रकरण मी दोनदा वाचलं. गाण्याची मंडळं, व्यायामाचे क्लब. ज्यूंना काढा, असा हुकूम येण्याआधीच त्यातल्या अनेकांनी आपणहून सभासदांची नावं खोडली होती. खोडणारे गुंड नव्हते. शिकलेले, सभ्य, वेळेवर येणारे सेक्रेटरी, खजिनदार. एक परिच्छेद मी फक्त त्यांच्यावर लिहिला.

काकांनी वाचलं छान. राजावर आवाज चढवला, टाळी घेतली. त्या परिच्छेदाशी थांबले, नजर फिरवली आणि पान उलटलं. "हे बारीकसारीक सोडू या. पोरांना भुका लागल्यात."

माझ्याकडे प्रत होती. मी उभी राहिले आणि तो परिच्छेद वाचला. माझ्या उच्चारात. मग म्हटलं, "या घरातली यादीही कोणी वरून पाठवलेली नाही. माझ्या हातचं टेबलावर का येत नाही, काकू?"

काकू पेपर प्लेट्स मोजू लागल्या. काका हसले. "कुठे ते नाझी आणि कुठे आमचा पॉटलक! काहीतरीच हं तुझं." दोघं-तिघं हसले. त्यांना हसायला कोणी सांगितलं नव्हतं.

"त्यांनी माणसं मारली. तुम्ही खुनी नाही, काका," मी म्हटलं. "तुम्ही त्या क्लबांचे सेक्रेटरी."

गाडीत नवऱ्याने पट्टा लावला, किल्ली फिरवली. मग म्हणाला, "माझ्या ग्रीन कार्डच्या कागदांवर त्यांची सही लागते यार. उद्या फोन करून सॉरी म्हण."

"नाही."

सही झाली नाही. नवऱ्याला कंपनी बदलावी लागली आणि ग्रीन कार्डची रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तो याचा दोष मला देतो. द्यावा. मी नाकारत नाही.

माझी चूक वेगळी होती. मी आठ महिने गप्प बसले. मान डोलावली. माझे शब्द दुसऱ्याच्या तोंडी दिले. यापुढे माझं लिहिलेलं मीच वाचेन. आणि विचारायचं ते पहिल्याच दिवशी विचारीन, दारात, चपला काढण्याआधी.