न घाबरलेलं पिल्लू

तानाबाईच्या हातून भरलेली पितळी घागर निसटली ती थेट दगडी पायरीवर. शेजारच्या बायका धावत बाहेर आल्या. आणि त्या पायरीपासून हातभर अंतरावर झोपलेलं पांढरं कुत्रं? त्यानं कानसुद्धा हलवला नाही.

"मेलंबिलं का काय ओ हे?" तानाबाईनं नवऱ्याला विचारलं.

आकारामनं कुत्र्याच्या पोटाकडं पाहिलं. पोट संथ वरखाली होत होतं. त्यानं मागं उभं राहून टाळी वाजवली, शिट्टी घातली, शेवटी घागर उचलून पुन्हा आपटली. कुत्रं झोपलेलंच.

आकाराम लव्हटे म्हणजे साधा माणूस नव्हे. संस्थानच्या शिकारखान्यात त्यानं बावीस वर्षं कुत्री सांभाळली होती. तित्तर-लाव्ह्यांच्या शिकारीला कुठलं पिल्लू घ्यायचं, हे त्यानं सांगावं आणि बाकीच्यांनी मान डोलवावी. एकोणपन्नास साली संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला आणि हा गडी चार वर्षं घरात बसून राहिला. उरलं होतं ते नाव. त्या नावावरच कृष्णातराव वकिलांनी त्याला बोलावलं. त्यांना शिकारीची कुत्री पाळायची होती. "पहिलं तू निवड, तू तयार कर. मनाजोगं निघालं तर पुढची सगळी कुत्री तुझ्या हाताखाली," असं ते म्हणाले. म्हणजे आकारामचं उरलेलं आयुष्य या एका पांढऱ्या कुत्र्यावर उभं होतं, आणि परवा दिवशी वकील ते बघायला माळावर येणार होते.

त्याची निवडायची रीत ठरलेली. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लांपुढं काठीला बांधलेला तित्तराचा पंख नाचवायचा. झडप घालणारी बाजूला काढायची, पाय उचलून टक लावणारी ठेवायची. मग ती दूध पीत असताना मागून एकदम ताटावर पळी हाणायची. दचकून जागीच थांबलं ते चालायचं, जे आईच्या पोटाखाली पळालं ते बाद, कारण बंदुकीच्या बारालाही ते तसंच पळणार. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे या वेळात माणसानं तोंड उघडायचं नाही. माणूस बोलला की पिल्लू त्याच्याकडं बघतं आणि परीक्षा फुकट जाते.

कळंब्याला तळ्याकाठी जोतीरामच्या मळ्यात शिकारखान्यातलीच एक कुत्री व्याली होती. तिथं त्यानं हे सगळं यथासांग केलं होतं. जोतीरामची बायको बायडाबाई मध्येच, "पावणं, ते पांढरं हाय न्हवं..." असं काहीतरी म्हणू लागली, तेव्हा त्यानं डोळे वटारून तिला गप्प केलं. ताट वाजलं. चार पिल्लं पळाली. पांढरं पिल्लू मात्र न दचकता दूध चाटत राहिलं. असं काळीज बावीस वर्षांत चार-पाचदाच दिसलं असेल, म्हणून आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पहिले सहा महिने तो कुत्र्याला फक्त हाताच्या खुणा शिकवायचा, शिट्टी त्यानंतर, आणि ते सहा महिने अजून सरले नव्हते. हे कुत्रं तर त्याच्यावरची नजर काढायचंच नाही. केवढी माया म्हणून तो गल्लीभर सांगत सुटला होता.

घागर पडली त्याच दुपारी तो चालत कळंब्याला गेला. बायडाबाई भांगलण करत होती. तिनं खुरपंही खाली ठेवलं नाही.

"भैरंच हाय ते, जल्मल्यापासनं. सांगत हुते की मी. तुमीच गप केलासा. म्हटलं, एवढं शिकारखान्यातलं माणूस, त्यास्नी ठावं असंल."

आकाराम बांधावर बसला. वकिलाकडचं काम गेलं, नाव गेलं, हे कळतच होतं. पण बसल्या जागी त्याला दुसरंच काही आठवलं.

बाण्या, चंदर, पवळी आणि शिंगऱ्या. ही चारही त्यानंच निवडलेली, ताटाला न दचकलेली. समोर असेतो सोन्यासारखी वागायची. गवतात नजरेआड गेली की कितीही शिट्ट्या घाला, परतायची नाहीत. शिकारखान्यात अशा कुत्र्याला अडेल म्हणत. तीन वेळा चाबूक, आणि चौथ्या वेळी वाड्यामागं नेऊन गोळी. ती गोळी ज्यानं निवडलं त्यानंच घालायची, असा तिथला रिवाज होता. चाबूक खातानाही पवळी त्याच्या हाताकडंच बघत होती. तेव्हा त्याला तो तिचा माज वाटला होता.

रात्री तो जेवला नाही. तानाबाईनं सरळ सांगितलं, "हातानं खुणा करून दावा की. वकिलाला काय कळतंय?" तिचं खरंच होतं. वकिलांना काहीच कळलं नसतं.

ठरल्या दिवशी माळावर आकारामनं कुत्र्याला पाठमोरं उभं केलं आणि वकिलांना हवेत बार काढायला सांगितलं. बार निघाला. झाडावरचे पोपट उडाले. कुत्रं समोरच्या गवताकडं बघत राहिलं.

"वा," वकील खूश होऊन म्हणाले. "आकाराम, तुझी निवड कधी चुकायची नाही."

"चुकली, सायेब. ह्ये भैरं हाय," आकाराम म्हणाला. "ह्याच्या आदी अशीच चार निवडलीती. भैरी हुती ती, सायेब. अडेल न्हवती. चारीबी मी माझ्या हातानं मारली."

आकाराम मटकन खाली बसला. कुत्रं वळलं, त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं आणि आता कुठली खूण होते म्हणून त्याच्या हातांकडं बघू लागलं.