चुंबकाला लटकलेला डबा

अमेरिकेत, सनीव्हेलच्या आमच्या लॅबमध्ये नागपूरच्या एक बाई आहेत. मनातल्या मनात मी त्यांना काकू म्हणतो, तोंडावर कधीच नाही. आम्ही रोबोटच्या हातासाठी पकड बनवतो. आत कायमचा लोहचुंबक, त्याच्याभोवती तारेची कॉइल. एरवी चुंबक वस्तू धरून ठेवतो. कॉइलमध्ये करंट सोडला की त्याचा जोर ओसरतो आणि वस्तू सुटते. म्हणजे वीज गेली तरी काही पडायला नको.

काकूंना हे कागदावर पटत नाही. रोज जेवणाआधी त्या आपला आमटीचा डबा पकडीला लटकवतात. हलक्या प्रतीच्या स्टीलचा, म्हणूनच चुंबकाला चिकटणारा. खाली स्वतःचा लॅपटॉप सरकवतात आणि प्लग उपटतात. डबा टिकला तरच जेवण.

परवा कस्टमर आले होते. पकड उघडून कॉइल मी आदल्या संध्याकाळी काकूंसमोरच बदललेली, धड टेस्टही झाली नव्हती. त्यांनी विचारलं, पॉवर गेली तर? काकूंनी सरळ डबा लटकवला, लॅपटॉप उघडून खाली ठेवला आणि प्लग काढला.

डबा हललासुद्धा नाही. मग प्लग लावून काकूंनी बटण दाबलं आणि डबा अलगद तळहातावर झेलला.

पाहुणे गेल्यावर मी खुर्चीत कोसळलो.

"काहून इतका घाबरला रे?" म्हणत काकूंनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. आत नुसता चिवडा होता.

"आज आमटी आणायची माझीही हिंमत नाही झाली, यार."