सेक्रेटरींची क्रियापदं

आमच्या मुलुंडच्या स्नेहदीप सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार प्रधान यांनी आयुष्यभर एका विमा कंपनीत पत्रं लिहिली, आणि निवृत्त झाल्यावर ती आम्हाला लिहायला घेतली. आमचा काही गुन्हा नव्हता. जिन्याखालच्या काचेच्या फळ्यावर त्यांची इंग्रजी नोटीस लागते. पाणी येणार नाही, कचरा वेगळा करा, एवढंच सांगायचं असतं; पण प्रधानकाका आधी क्रियापद निवडतात, मग विषय.

त्यांच्या क्रियापदांची चढती भाजणी असते. पहिल्यांदा ‘रिक्वेस्ट’. मग ‘रिमाइंड’. मग ‘इन्सिस्ट’, आणि अगदीच नाइलाज झाला की ‘डायरेक्ट’, म्हणजे सरळ हुकूम. आम्हीही निर्ढावलेलो. रिक्वेस्टकडे कोणी ढुंकून बघत नाही, रिमाइंडला ‘बघू’ म्हणतो, इन्सिस्ट लागलं की काकांना जिन्यात टाळतो. डायरेक्ट लागलं की मात्र त्याच संध्याकाळी पॅसेजमधल्या कुंड्या आत जातात. तळमजल्यावरच्या मधुकरची बंद पडलेली स्कूटर कित्येक वर्षं गेटच्या तोंडाशी उभी आहे. ती अजून रिक्वेस्टवरच आहे, कारण मधुकर काकांचा कॅरममधला पार्टनर. याला मी पक्षपात म्हणतो. काका कार्यपद्धती म्हणतात.

यंदाच्या उन्हाळ्यात माणिककाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोनं, गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. दरवर्षी घालतात आणि दरवर्षी सगळी बिल्डिंग त्या खाते. पण सोसायटीच्या सभेत स्कूटरचा विषय निघाला, तेव्हा मधुकरनं अंगावर आलेलं झटकायला हसत हसत विचारलं, की कॉमन गच्ची सेक्रेटरींच्या घरच्यांना आंदण दिली आहे का. सगळे हसले. काकांच्या मात्र ते वर्मी लागलं. आपण किती निःपक्षपाती आहोत हे दाखवण्याच्या भरात त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्याच फ्लॅटच्या नावानं नोटीस लावली: गच्ची ताबडतोब मोकळी करावी. आणि क्रियापद पहिल्याच फटक्यात डायरेक्ट.

काकू दूध घेऊन येताना फळ्यापाशी थांबल्या, नोटीस शेवटपर्यंत वाचली आणि वर गेल्या. पापड्या गोळा करून डब्यात भरल्या, बॅग भरली आणि पार्ल्याला बहिणीकडे निघाल्या. जिन्यात मी भेटलो, तर म्हणाल्या, “पापड्या काढायला माझी ना नव्हती रे. पण मधुकरच्या भंगाराला रिक्वेस्ट, आणि मला डायरेक्ट?”

पापड्यांचा डबाही त्यांनी बरोबर नेला, त्यामुळे हे भांडण सगळ्या बिल्डिंगचं झालं.

काकांनी पहिले काही दिवस ताठ्यात काढले. फोन केला की काकू उचलायच्या, गोळी घेतली का विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. मग काका वाळायला लागले. कॅरम बंद झाला. फळ्यावर जुनीच नोटीस तशीच राहिली, कारण नवी लिहायला हात उठेना. मला त्यांचा रागही येत होता आणि दयाही. शेवटी त्यांनी ठरवलं, की काकूंना परत बोलावणारं पत्र लिहायचं. आता प्रश्न क्रियापदाचा.

रिक्वेस्टची किंमत काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? ‘इन्व्हाइट’ म्हटलं तर बायको पाहुणी होते. ‘परमिट’ म्हटलं तर ती उभं जाळेल. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या अबोलीला खाली बोलावलं, तिनं ‘एन्ट्रीट’ सुचवलं. म्हणजे विनवणी, पण काकांना ते चहापाण्याच्या ट्रीटसारखं वाटलं. मधुकर बिचारा अपराध्यासारखा कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, ‘बेग’ लिहा ना सरळ. त्यावर काका उखडले, की प्रधानांच्या घरात आजवर कोणी भीक मागितलेली नाही. बऱ्याच वादावादीनंतर अबोलीनं ‘इम्प्लोर’ काढलं. त्यात कळवळाही होता आणि इस्त्रीही मोडत नव्हती. पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर छापलं. साक्षीदार हवा म्हणून काकांनी मला रिक्षात घातलं.

पार्ल्याला काकूंच्या बहिणीनं, शकुमावशींनी, दार उघडलं. काकू पंख्याखाली मेथी निवडत होत्या. काकांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. ‘इम्प्लोर’वर त्यांनी चांगला जोर दिला. मग अपेक्षेनं वर पाहिलं.

“जावक क्रमांक घातलाय का?” काकूंनी विचारलं.

काका हो म्हणाले.

“मग ठेवा तिकडे. फाइलला लावते.” आणि त्यांनी पुढची जुडी सोडली.

मला वाटलं, आता काका खिशातून दुसरा मसुदा काढणार. पण त्यांनी चष्मा उतरवला, कागदाची घडी घातली, ती कुठं ठेवावी ते न सुचून हातातच धरली. त्यांच्या हनुवटीवर दोन दिवसांची दाढी होती, हे मला तेव्हा दिसलं. कंपनीत असताना हा माणूस रविवारीसुद्धा दाढी करायचा.

“माणिक,” ते म्हणाले, “मला तिथं करमत नाही गं.”

काकूंचे हात थांबले. शकुमावशी उगीचच पाणी आणायला आत गेल्या. काकूंनी मांडीवरची मेथी बाजूला सारली.

“मला तरी इथं कुठं करमतंय,” त्या म्हणाल्या. “बॅग उचला.”